थट्टेत मागितलेलं बाळ

टेनेंग दारबो रस्त्याला लागली की आधी कुत्री भुंकतात, मग पोरं धावतात, आणि कुठल्यातरी अंगणात भात कांडणारी बाई मुसळ खाली ठेवून म्हणते, "आली गं बाई! झालं आता आमचं कांडण." आणि तिचं कांडण खरंच तिथंच थांबतं. जावयाची विजार उलटी घातलेली, गळ्यात फुटक्या भोपळ्याच्या तुकड्यांची माळ, डोक्यावर चाळण, अशी ही बाई समोर आल्यावर मुसळ उचलायला हाताला जोर यायचा तरी कसा? सिबीकुंड्यातल्या भल्याभल्या शेंगदाण्याच्या व्यापाऱ्यांना तिनं रस्त्यात अडवून त्यांच्याच चालीची नक्कल करून दाखवलीय. इमामसाहेबही तिला लांबून बघितलं की मशिदीच्या मागच्या वाटेनं जातात, आणि तिकडे भिंतीआड एकटेच हसत उभे राहतात.

परक्या माणसाला वाटेल, बाई जरा हललेली दिसते. हललेली बिलली काही नाही. टेनेंग कान्यालेंग आहे. ज्या बाईची मुलं जगत नाहीत तिला आमच्याकडे इतर बायका आपल्यात घेतात, तिला एक वेडंविद्रं नाव देतात, पुरुषाचे कपडे घालायला लावतात, चारचौघांत नाचवतात, जमिनीवर सांडलेलं खायला लावतात. देवाला हसू यावं आणि हसता हसता त्याचा हात सैल पडावा, एवढाच त्यातला हिशोब. टेनेंगला बायकांनी नाव दिलं होतं 'बूडफुटकं उखळ'. त्या वेळी ती ऐन विशीत होती आणि चार मुलं पुरून बसली होती. तीन तर एकाच वाटेनं गेली. ताप आला, छाती भात्यासारखी उडायला लागली, दूध ओढेनात, आणि गेली. चौथं तर जन्मलं तेच निळं.

पाचवी मुलगी झाली तेव्हा बायकांनी नाळ कापल्या कापल्या तिला उचललं आणि गावाबाहेरच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. कुणीतरी बाईनं ती 'सापडली' म्हणून आणून टेनेंगच्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, "ही घाण काय पडली होती बघ, तुला हवी तर ठेव." नाव ठेवलं टोंबोंग. टोंबोंग म्हणजे उकिरडाच. असल्या नावाच्या पोरीकडे मरण कशाला वाकून बघतंय? पोरगी जगली, चांगली दणकट झाली, दोन बायकांचं भात एकटी लावायला लागली. आणि टेनेंग, लेक जगल्यावर सुद्धा, आपलं सोंग उतरवायला तयार होईना. एकदा चोरासमोर कुत्रा भुंकला आणि चोर पळाला, म्हणून काय दुसऱ्या दिवशी कुत्रा विकायचा? लेकीला तिनं आयुष्यात कधी 'बाळ' म्हटलं नाही, 'राजा' म्हटलं नाही. "अगं ए केराच्या टोपले" असंच म्हणायची, आणि म्हणताना तिचे डोळे असे भरून यायचे की ऐकणाऱ्याला मान फिरवावी लागायची.

अशा या टेनेंगला संशोधन केंद्राच्या लोकांनी गाठलं. तालुक्याच्या गावी नदीकाठी ते केंद्र आहे. लहान मुलांच्या छातीच्या आजारावर नवी लस आली होती आणि ती खरंच काम करते का हे बघायचं होतं. त्यासाठी गावोगावची तान्ही मुलं हवी होती. केंद्राच्या गाड्या यायच्या, कर्ण्यावरून माहिती सांगायच्या, आणि बायका मुलांना पदराखाली झाकून घरात जायच्या. 'ही माणसं रक्त काढून विकतात' इथपासून 'ही सुई टोचली की पोरगी वांझ होते' इथपर्यंत सगळ्या बातम्या गाडीच्या आधी गावात पोचलेल्या असत. शेवटी केंद्रातल्या कुणाच्या तरी डोक्यात आलं, की जी बाई आली की लोक पळायच्या ऐवजी धावत येतात, तिलाच सांगू या.

टेनेंगनं आपल्या बायकांना घेऊन असं काही नाटक बसवलं की शेजारच्या गावांतून बोलावणी यायला लागली. त्यात सगळ्यात अवघड होतं ते लोकांना चिठ्ठीचं समजावणं. कारण गोष्ट अशी होती, की सुया दोन प्रकारच्या. दोन्हींत नेहमीची जुनी लस आहेच, पण एकीत तिच्याबरोबर नवी मिसळली आहे, दुसरीत नाही. कुठल्या बाळाला कुठली, हे चिठ्ठी टाकून ठरणार आणि ते कुणालाच कळणार नाही. टेनेंग दोन झाकलेले वाडगे पुढे ठेवायची.

"दोन्हींत तांदळाची कण्हेरी आहे," ती सांगायची. "एकात साखर जास्त आहे. कुठल्यात, ओळख रे म्हाताऱ्या!"

म्हातारा वास घ्यायचा, झाकण हलवायचा, शेवटी चिडायचा. "मला काय ठाऊक? तूच सांग!"

"मला तरी कुठं ठाऊक? भरले दादोनं, आणि दादो गेली माहेरी!"

लोक हसून हसून आडवे व्हायचे. दादो ही तिची शेजारीण, आणि ती तिथंच पहिल्या रांगेत बसून पदर तोंडात कोंबत असायची.

"मग दादोला तरी ठाऊक आहे ना?" कुणीतरी हुशार विचारायचा.

"दादो परत येईल तेव्हा पोरं चालायला लागलेली असतील. तेव्हा विचार तिला. तोवर दोन्ही वाडगे सारखेच प्रेमानं खा!"

केंद्रातर्फे सिबीकुंड्यात रोज फिरणारा माणूस होता जालामांग. उंच, किडकिडीत, मोटारसायकलवर बसला की गुडघे कानाला लागतायत असं वाटायचं. घरोघरी जायचं, आजारी मुलं बघायची, कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर गाडी मागवायची, आणि ज्यांना मूल लसीच्या अभ्यासात घालायचंय त्यांना सगळं समजावून त्यांचं हो किंवा नाही विचारायचं, हे त्याचं काम. तो बुरांग गावचा. आता सिबीकुंडा आणि बुरांग यांच्यात आजोबा-पणजोबांपासून दांकुतो आहे, म्हणजे थट्टेचं नातं. या गावच्यानं त्या गावच्याला भेटेल तिथं शिव्या द्यायच्या, त्याला आपला गुलाम म्हणायचं, आणि समोरच्यानं रागवायचं नाही. आणि त्याच नात्याचं दुसरं टोक असं, की एकानं दुसऱ्याजवळ काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. नाही म्हणणाऱ्याच्या घरावर काहीतरी कोसळतं, असं मानतात. त्यामुळे शहाणी माणसं शिव्या भरपूर देतात आणि मागत काही नाहीत.

"ए माझ्या बटकीच्या पोरा," जालामांगची मोटारसायकल दिसली की टेनेंग ओरडायची, "तुझ्या आज्यानं आमच्या दारात दळण टाकून पळ काढला होता, ते कधी दळायला येणार?"

"आधी तुझ्या आज्याला आमच्याकडून चोरलेलं जातं परत आणून देऊ दे, मग दळतो!"

"बुरांगचा माणूस आणि जातं! तुम्ही तर शेंगा टरफलासकट गिळता!"

"आणि तुम्ही आम्ही टाकलेली टरफलं!"

हे झालं की तो तिच्या अंगणात बसून चहाचे तीन घोट पिणार आणि ती त्याला न मागता शेंगदाण्याच्या कालवणाचा भात वाढणार. दोघांची माया होती एकमेकांवर. जालामांगची आई तो लहान असतानाच वारली होती आणि टेनेंगला मुलगा नव्हता, एवढं सांगितलं तरी पुरे.

टोंबोंगला मुलगा झाला आणि घोडं अडलं ते इथं.

त्याचं नाव ठेवलं होतं सांकुंग, पण टेनेंग त्याला चिंधी म्हणायची. दिवसभर पाठीला बांधून हिंडायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "काय करू बाई या चिंधीचं, चूल पुसायला सुद्धा उपयोगाची नाही." चिंधी गुबगुबीत होती, गालांत बोट रुतावं अशी. बायका बघून हळूच हसायच्या आणि लगेच दुसरीकडे बघायच्या, कारण कान्यालेंगच्या नातवाला चांगलं म्हणायचं नसतं.

आणि बायका वाट बघत होत्या. विहिरीवर दादोनं उघडच बोलून दाखवलं, "आधी टेनेंगच्या नातवाला सुई घेऊ दे. मग माझा घेईल." झालं. तेच सगळ्यांच्या तोंडी झालं. गावातल्या ओल्या बाळंतिणी झाडून साऱ्या टेनेंगच्या पाठीवरच्या चिंधीकडे डोळे लावून बसल्या, आणि टेनेंग आज बाळाला सर्दी आहे, उद्या त्याची आई माहेरच्या लग्नाला गेलीय, परवा वारं वाईट आहे, अशा सबबी सांगत राहिली. माहेरच्या लग्नाची सबब तर फारच झाली, कारण टोंबोंगचं माहेर म्हणजे हेच घर, बाळंतपणाला ती इथंच आलेली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, असं कुणी म्हटलं असतं तर ते खोटं नव्हतं.

पण तिच्या पोटात काय चाललं होतं ते तिलाच ठाऊक. आयुष्यभर जिनं मरणाला बजावलं, की आमच्या घरात तुझ्या कामाचं काही नाही, सगळा केरकचरा आहे, तिनं आता तेच पोर चारचौघांत तागडीत घालायचं? त्याचं नाव उच्चारायचं, वजन सांगायचं, कुणीतरी ते लिहून घ्यायचं? आणि दुसरीकडे तीच छाती, तोच भाता. ज्या आजारानं तिची तीन नेली त्याच आजारावरची ही सुई. घ्यावी तर भीती, न घ्यावी तर भीती. लेकीला विचारलं तर ती म्हणायची, "मला घ्यायची आहे. पण तू मला जगवलंस, आई. तुझ्याविरुद्ध जाऊन काही झालं तर मी कुठं तोंड दाखवू? तू हो म्हण, मी हो म्हणते."

जालामांग तिच्या घरात हा विषय कधीच काढत नसे. बुरांगच्या माणसानं मागितल्यावर टेनेंगला नाही म्हणता येणार नाही, हे त्याला कळत होतं. त्यानं केंद्रातल्या नर्सबाईंना, जैनाबाला, आधीच सांगून ठेवलं होतं, "त्या घरी तुम्हीच विचारा. मी नको." जैनाबा समुद्रकाठची, पण तिची आजी याच बाजूची होती, त्यामुळे तिला फोड करून सांगावं लागलं नाही.

मग सिबीकुंड्यात नाटकाच्या खेळाचा दिवस आला. मोहगनीच्या झाडाखालच्या पारावर सगळं गाव जमलं होतं, आणि एका बाजूला जैनाबा टेबलावर लसींची पेटी ठेवून बसली होती. टोंबोंग भाजीच्या मळ्यात गेली होती, म्हणून चिंधी आजीच्या पाठीवर. वाडग्यांचं नाटक झालं, दादोच्या माहेराचं झालं, आणि मग जालामांग काहीतरी सांगायला उभा राहिला तर टेनेंगनं त्याला बोलूच दिलं नाही.

"याचं ऐकू नका हो! बुरांगचं माणूस, जेवायच्या वेळीच खरं बोलतं!"

"ही बघा, उखळ बोलायला लागलं! आणि तेही बूडफुटकं!"

"बूडफुटकं असलं तरी तुझ्यापेक्षा माझ्यात जास्त राहतं!"

पार हसण्यानं दणाणत होता. दोघं रंगात आलेली. टेनेंगनं पाठीवरचं बाळ पुढे घेतलं, लोकांना दाखवून हलवलं. "आणि हे एक गळ्यात! सकाळपासून विकायला हिंडते, कुणी फुकट घेईना. कुत्रंसुद्धा हुंगून गेलं!"

"मग दे मला!" जालामांग म्हणाला.

त्याच्या तोंडातून शब्द गेला आणि पारावरचं हसू एकदम थांबलं. तो गंमतीनंच बोलला होता. शिवीला शिवी जोडता जोडता जीभ पुढे गेली. पण बुरांगच्या माणसानं सिबीकुंड्याच्या बाईजवळ, सगळ्या गावादेखत, काहीतरी मागितलं होतं.

टेनेंगच्या चेहऱ्यावरचं सोंग क्षणभर उतरलं. खाली साठीला टेकलेली एक साधी बाई दिसली, फार घाबरलेली. मग तिनं बाळाच्या अंगाखालचं कापड नीट केलं, पुढे आली आणि चिंधी जालामांगच्या हातात दिली.

बायकांनी एकच कल्लोळ केला. टेनेंगनं दिला! सुईवाल्यांच्या हाती नातू दिला! दादो तर लगोलग आपलं पोर घ्यायला घराकडे पळाली. बघता बघता झाडाखाली जैनाबाच्या टेबलासमोर रांग लागली. केंद्राला जे इतक्या दिवसांत साधलं नव्हतं ते एका थट्टेनं साधलं होतं. आणि जालामांग बाळ धरून उभा होता आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"जैनाबा," तो टेबलाशी जाऊन हळू आवाजात म्हणाला, "हे असं नाही चालणार."

"बघितलं मी."

"तिनं हो म्हटलेलं नाही. तिला नाही म्हणायची सोयच ठेवली नाही मी. गाढव आहे मी."

"आहेस," जैनाबा म्हणाली. तिनं समोरच्या रांगेकडे एकदा बघितलं. वर्षानुवर्षं असली रांग बघायला मिळत नाही. मग तिनं पेटीचं झाकण लावलं आणि उभी राहून सांगितलं, की आज सुया द्यायच्या नाहीत, सगळ्यांनी घरी जाऊन नीट विचार करा. बायका चांगल्याच चिडल्या. दादो म्हणाली, "पळत पळत आणलं मी याला, झोपेतून उठवून!"

ऊन कलल्यावर दोघं टेनेंगच्या दारी आली. तोवर चिंधीनं भुकेनं आकांत मांडलेला. टोंबोंग मळ्यातून नुकतीच आलेली, डोक्यावरची भाजीची पाटीसुद्धा उतरवली नव्हती, आणि आपलं पोर बुरांगच्या माणसाकडे गेलंय एवढंच तिला वाटेत कळलेलं. टेनेंग उंबऱ्यात बसून होती. चाळण बाजूला पडली होती.

दिलेली वस्तू परत करणं म्हणजे अपमान, आणि तो कुणाला करायचा नव्हता. जालामांगनं वाटभर डोकं खाजवून काहीतरी काढलं होतं.

"ए म्हातारे, पोर माझंच आहे," तो म्हणाला. "पण त्याचं जेवण तुझ्या लेकीकडे राहिलंय. माझ्या छातीवर नुसते केस. तेव्हा ठेव इथंच, वाढव. मोठा झाला की दळायला बोलावीन."

टोंबोंगनं त्याच्या हातातून पोर जवळजवळ हिसकावूनच घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून पदराखाली धरलं. टेनेंग हसली नाही. जालामांग वाकून म्हणाला, "मी मागायला नको होतं. माझं चुकलं. आता मी जातो, पार मशिदीपर्यंत जातो. जैनाबा तुला विचारेल. मी इथं नाही, मी काही ऐकलेलं नाही. मनात येईल ते सांग." आणि तो खरंच गेला. एवढा उंच माणूस, पण कुंपणातून बाहेर पडताना अगदी लहान दिसला.

जैनाबा चटईवर बसली. तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. दोन सुया, चिठ्ठी, टोचल्यावर ताप येऊ शकतो, दंड सुजू शकतो, केव्हाही सोडून जाता येईल. "आणि मावशी, नाही म्हणालात तरी काही बिघडत नाही. नेहमीची लस त्याला मिळणारच. आजारी पडला तर औषध, गाडी, सगळं तसंच. तुम्ही दोघी सांगा. सांकुंगला आमच्या अभ्यासात घेऊ का?"

टोंबोंगनं आईकडे बघितलं.

"नाही," टेनेंग म्हणाली.

"बरं," जैनाबा म्हणाली.

तिनं कागद पिशवीत ठेवले. टोंबोंगला विचारलं, दूध व्यवस्थित येतंय ना, टाके दुखतात का. पाणी मागून प्यायली. भांडं विसळून पालथं घातलं आणि निघाली. टेनेंग तिच्यामागोमाग कुंपणापर्यंत आली.

"अगं, मी नाही म्हटलं."

"हो मावशी, ऐकलं."

"मग समजूत नाही घालणार माझी? मी एवढी गावोगाव नाचले तुमच्यासाठी, मीच नाही म्हणते, तर चार शब्द बोल की! रागाव तरी!"

"तुम्ही नाही म्हणालात ना? मग नाही," जैनाबा म्हणाली, आणि संध्याकाळची नमाज चुकेल म्हणून भराभर चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी रांगेतलं एकही पोर आलं नाही. टेनेंगच नको म्हणते म्हणजे त्यात काहीतरी असणार, असा साऱ्या विहिरीचा निकाल लागला. केंद्रातून जालामांगला बोलणी बसली असावीत, पण तो तसाच आला, तशाच शिव्या दिल्या, तसाच चहा प्यायला. एका शब्दानं विषय काढला नाही. टेनेंग त्याच्याकडे बघत राहायची, आता काढेल, आता काढेल. तो शेंगदाण्याच्या भावाबद्दल बोलायचा.

"आई, तू नाही का म्हणालीस?" टोंबोंगनं एकदा भाजी निवडता निवडता विचारलं.

"बघत होते."

"काय बघत होतीस?"

"ऐकतं का कुणी, ते."

टोंबोंगला नीटसं कळलं नाही, पण आई या सुरात फार कमी बोलते हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती भाजी निवडत राहिली.

धुळीच्या वाऱ्याचे दिवस सुरू झाले आणि दादोच्या पोराची छाती उडायला लागली. सकाळी सकाळी दादो त्याला घेऊन थेट टेनेंगकडेच आली, कारण असल्या श्वासाची ओळख गावात तिच्याइतकी कुणाला होती? टेनेंगनं पोराच्या छातीला कान लावला. तोच आवाज होता. जालामांग आला, त्यानं गाडी बोलावली. गाडी धूळ उडवत आली. दादोचं पोर अभ्यासात नव्हतं, पण कुणी ते विचारलंही नाही. दादोला आणि पोराला आत घेतलं, टेनेंगही चढली. केंद्रात पोराच्या नाकाशी नळी लावली, हाताच्या शिरेतून औषध दिलं. शेजारच्या खाटांवर अभ्यासातली मुलं होती, त्यांनाही तीच नळी, तेच औषध. टेनेंग दोन दिवस दादोबरोबर तिथं राहिली आणि एकेका खाटेशी जाऊन न्याहाळत बसली, काही फरक दिसतो का म्हणून. फरक नव्हता. तिसऱ्या दिवशी पोरगं आईचं दूध ओढायला लागलं, आणि दादो जी रडायला लागली ती टेनेंगनं नर्सच्या चालीची नक्कल करून दाखवली तेव्हाच थांबली.

पुढच्या लसीच्या दिवशी टेनेंग दवाखान्यात आली तर दारातल्या बायकांनी आधी तिला ओळखलंच नाही. उलटी विजार नव्हती, माळ नव्हती. निळं धुतलेलं लुगडं, डोक्याला तसलाच रुमाल, मागे टोंबोंग आणि तिच्या कडेवर बाळ. जैनाबा दुसऱ्या मुलाचं वजन करत होती. जालामांग तिथंच होता, टेनेंगला बघताच उठून बाहेर जायला निघाला.

"बस रे," टेनेंग म्हणाली. "तुझ्यामुळे नाही आले मी. बुरांगच्या माणसाला एवढी किंमत कोण देतंय?"

ती जैनाबासमोर बसली.

"त्या दिवशी तू मला विचारलंस."

"हो मावशी."

"मी नाही म्हटलं आणि तू गेलीस. मी कुंपणापर्यंत आले, तरी गेलीस."

"हो."

टेनेंगनं मांडीवर हात ठेवले. दवाखाना गच्च भरला होता आणि तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू जात होतं, पण ती आज कुणासाठी बोलत नव्हती.

"मरणानं माझी चार नेली गं पोरी. मला वाटायचं, मी हसवलं तर सोडेल, मी लोळले तर सोडेल, पोराला उकिरडा म्हटलं तर सोडेल. चाळीस वर्षं मी त्याच्यापुढे नाचतेय. एकदा तरी कुणी दारात थांबून मला विचारायचं होतं, 'टेनेंग, नेऊ का?' मी नाही म्हटलं असतं ना. चारही वेळा नाहीच म्हटलं असतं."

जालामांग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"नाही म्हटलं की कुणी थांबतं का, एवढंच मला बघायचं होतं," टेनेंग म्हणाली. "बघितलं. आता परत विचार. पहिल्यापासून विचार, आणि घाई करू नकोस. माझ्या लेकीलाही ऐकू दे."

जैनाबानं डोळे पुसले, कागद पुढे घेतले आणि दोन सुयांपासून सुरुवात केली. टेनेंग एकदाही न हसता शेवटपर्यंत ऐकत राहिली, टोंबोंगनं मान डोलावली, आणि मग टेनेंग हो म्हणाली.